कोपऱ्यातलं घड्याळ

"आणखी थोडं मोठं करू?"

"कर."

वेंगने माऊस दाबला. पडद्याच्या तळाची पट्टी बोटभर उंचावली आणि तिच्या उजव्या टोकाचं घड्याळ फुगलं. नऊ वाजून चाळीस मिनिटं. आता ते आकडे अंगणातल्या केळीखालूनही वाचता आले असते.

"दिसतं?"

लान-मोई खुर्चीत ताठ बसली होती. तिने मान किंचित डावीकडे नेली, मग उजवीकडे, मग परत मध्ये आणली. "दिसतं ना," ती म्हणाली. "नऊ चाळीस."

"मग जवळ सरक. एवढ्या लांबून कशाला बघतेस?"

तिने खुर्ची पुढे ओढली.

"फक्त एक आहे," वेंग म्हणाला, "हवामान काढावं लागेल. पट्टीवर जागा उरली नाही."

"काढ. थंडी पडली की मला कळतंच की."

हवामान गेलं. वेंगने वहीत तारीख घालून नोंद केली: घड्याळ, पूर्वीच्या दीडपट; हवामान काढलं; लान-मोईची हरकत नाही. अशा नोंदींची त्याला सवय होती. काओश्युंग शहरातल्या शाळांमधले संगणक दुरुस्त करण्यात त्याची तीस वर्षं गेली होती, आणि कुठल्या शाळेत कुठल्या दिवशी काय बिघडलं याच्या सतरा वह्या माळ्यावर पडून होत्या.

निवृत्त झाल्यावर दोघं लान-मोईच्या माहेरगावी, मेइनोंगला राहायला आली. ती अठ्ठावीस वर्षं टपाल कचेरीत होती. शाई पसरलेला पत्ता चार जणांना लागला नाही की पाकीट तिच्यापुढे यायचं. ती ते उजेडात तिरकं धरायची आणि गल्लीचं नाव सांगायची. तिला काचबिंदू असल्याचं कळलं तेव्हा बराच उशीर झाला होता. डॉक्टरांनी थेंब दिले आणि सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, उरलेलं जितकं टिकेल तितकं टिकवायचं. या आजारात दृष्टी कमी होत जाते, एवढं वेंगने वाचलं. कमी होणं म्हणजे अंधुक होणं, हे त्याने स्वतःच ठरवलं.

पट्टीचं काम त्याच्याकडे नऊ वर्षं होतं. ते पोटापाण्याचं काम नव्हतं. शाळांमधल्या संगणकांवर फुकट मिळणारी प्रणाली असायची आणि ती जगभरातली माणसं फावल्या वेळात मिळून तयार करायची. त्यातला एक बारीक तुकडा वेंग सांभाळायचा. पडद्याच्या तळाच्या पट्टीवर घड्याळ, तारीख, डाकपेटी, आवाजाचं बटण अशी जी विजेटं बसतात, त्यांपैकी कोणी किती जागा घ्यायची हे तो तुकडा ठरवायचा. प्रत्येक विजेटाची एक कमीत कमी रुंदी असते आणि एक त्याला हवीशी रुंदी. सगळ्यांना हवं तेवढं देता आलं नाही की कोणी किती आकसायचं, याचे नियम असतात. शिवाय एक विजेट असं असतं की ते दिसतच नाही. ती नुसती मोकळी जागा. उरलेली सगळी रुंदी ती खाते आणि बाकीच्यांना दोन्ही टोकांना ढकलून धरते. म्हणून बहुतेकांच्या पडद्यावर वाजवायची बटणं डाव्या कोपऱ्यात असतात आणि घड्याळ उजव्या. वेंगच्या हाती काम आल्यापासून एकही विजेट दुसऱ्यावर चढलं नव्हतं की पट्टीबाहेर पडलं नव्हतं. या गोष्टीचा त्याला अभिमान होता आणि तो त्याने कोणाला बोलून दाखवला नव्हता. दाखवला असता तरी मेइनोंगमध्ये तो कळणारं कोणी नव्हतं.

लान-मोईला संगणक एकाच कामासाठी हवा होता. तिच्या आईच्या एकतीस कॅसेटी होत्या. तंबाखूच्या शेतात, पानं खुडताना, ओळीत बांधताना आई हाक्का बोलीतली डोंगरगाणी म्हणायची. मोठा भाऊ थियाम याने ती जमेल तशी टेपवर घेतली होती आणि डब्यांवर लाल शाईने आकडे घातले होते. गाण्यांतले निम्मे शब्द आता बाजारातही ऐकू येत नव्हते. थियामला ते कळायचे, पण त्याचे कान गेले होते. लान-मोईला कळायचे आणि ऐकूही यायचे. वेंगने सगळ्या टेपा संगणकात उतरवून दिल्या होत्या. ती एकेक ओळ ऐकायची, थांबवायची, पाच सेकंद मागे जायची, पुन्हा ऐकायची आणि लिहायची. लिहायचं म्हणजे उच्चार टाइप करायचा, मग पडद्यावर त्या उच्चाराच्या चिनी अक्षरांची एक रांग येते, तिच्यातलं बरोबर अक्षर डोळ्यांनी निवडायचं. नजर शाबूत असताना तेरा टेपा झाल्या होत्या. डोळे जायच्या आत उरलेल्या अठरा पुऱ्या करायच्या, एवढंच तिच्या मनात होतं. तसं तिने एकदाच सांगितलं होतं, भाजी निवडताना.

वेंगला गाण्यांतलं काही कळत नव्हतं. तो होक्लो, त्याची घरची बोली वेगळी. छत्तीस वर्षांच्या संसारात त्याला हाक्का बोलीतली जेवणाची नावं आणि शिव्या एवढंच येऊ लागलं होतं.

"तेवढ्यावर माणसाचं भागतं, जावईबापू," थियाम म्हणायचा.

वेंगला करता येण्याजोगी एकच गोष्ट होती, ती त्याने केली. दर महिन्याला तो तिला विचारायचा, दिसतं का? मग बटणं मोठी करायचा, पडद्यावरच्या लिहायच्या वहीतली अक्षरं मोठी करायचा, घड्याळ मोठं करायचा. हवामानानंतर डाकपेटी गेली. त्यानंतर तिथी गेली.

तिथीने घोटाळा केला. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी लान-मोई बांधावरच्या पाकुंगला, म्हणजे भूमीच्या देवाला, उदबत्ती आणि फळं ठेवून यायची. लग्नाआधीपासूनचा नेम होता. आठव्या महिन्याच्या सोळाव्या दिवशी सकाळी थियाम सायकल अंगणात आडवी टाकून आत आला.

"काल पाकुंगला उपाशी ठेवलंस होय गं?"

"काल चौदावा होता," लान-मोई म्हणाली.

"काय?"

"चौदावा होता!" ती ओरडली.

"काल चंद्र बघितलास का? ताटाएवढा होता. गावभर शेगड्या पेटल्या होत्या, माणसं मांस भाजत होती. सणाचा दिवस विसरलीस? भिंतीवर एवढं कॅलेंडर टांगलंय ते काय पाली बसायला?"

वेंग म्हणाला, "दादा, चूक माझी आहे. पट्टीवर तिथी होती, ती मी काढली. घड्याळाला जागा पुरेना."

"काय म्हणतोय हा?"

"घड्याळासाठी तिथी काढली म्हणतोय!"

थियामने पडद्याकडे बघितलं. पट्टीवर आता डावीकडे वाजवायची तीन बटणं होती, प्रत्येक हाताच्या पंज्याएवढं, आणि उजवीकडे घड्याळ. "हे तर आपल्या रेल्वे स्टेशनावर शोभेल," तो म्हणाला. "गाडी किती वाजता आहे?"

तो गेल्यावर लान-मोई केळी आणि उदबत्त्या घेऊन बांधावर गेली. तिने वेंगचा दंड धरला होता. पायवाटेवर पाण्याचा नळ आडवा आलेला, तो तिला दिसला नाही. वेंगच्या मनात आलं, ऊन डोळ्यांवर आलंय.

त्या वर्षात चार टेपा झाल्या. वेंगला वाटायचं, गाणी लांब असतील. तो परसात कोबीला पाणी घालत असला की खिडकीतून आईचा आवाज ऐकू यायचा, थांबायचा, मग बराच वेळ काहीच नाही, मग तीच ओळ पुन्हा. मधल्या शांततेत माऊस टेबलावर सरकत राहायचा. कळफलकावरची एखादी कळ दाबून मागे जाता येईल अशी सोय त्याने एकदा करून दिली होती. पहिल्याच दिवशी तिचं बोट शेजारच्या कळेवर पडलं आणि सकाळभर लिहिलेलं पुसलं गेलं. तेव्हापासून ती त्या कळांच्या वाटेला गेली नाही.

आणखी एक गोष्ट त्याच्या नजरेत आली होती. तो खोलीबाहेर गेला की खुर्ची मागे जायची. फरशीवर चार पायांचे चरे उमटले होते, टेबलापासून पार भिंतीपर्यंत. तो परत यायचा, म्हणायचा, "अगं, जवळ बस." ती जवळ सरकायची.

"टपालातली खोड," ती म्हणायची. "लांबून चांगलं दिसतं."

डोळ्यांच्या तपासणीला तिला दर तीन महिन्यांनी छीशानच्या दवाखान्यात जावं लागायचं. थियाम तिच्यासोबत जायचा. वेंगला ती नेत नसे. "तू रांगेत उभा राहून घड्याळ बघत बसतोस आणि माझं रक्त आटवतोस," असं कारण होतं. थियामला डॉक्टरांचं काही ऐकू येत नसे, आणि घरी आल्यावर ती सांगायची, आहे तसंच आहे म्हणाले. मार्च महिन्यात थियामचा गुडघा सुजला. तपासणी चुकवून चालणार नव्हतं. वेंग गेला.

तपासणी अर्धा तास चालली. लान-मोई एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून बसली होती आणि आत ठिपका चमकला की हातातलं बटण दाबत होती. वेंग दाराच्या फटीतून बघत होता. बराच वेळ तिचा अंगठा हललाच नाही. त्याला वाटलं यंत्र बंद असावं.

परिचारिका बाहेर आली. तिने कागद लान-मोईकडे धरला, पण लान-मोईचा हात कागदाच्या खालून निघून गेला. मग परिचारिकेने तो वेंगला दिला.

"काका, तुम्ही धरा. डॉक्टरांना दाखवायचा."

कागदावर एक वर्तुळ होतं, जवळजवळ पूर्ण काळं. मधोमध सुपारीएवढा पांढरा डाग होता.

वेंगने कागद उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा केला. "हे काळं काय आहे?"

"तिथलं दिसत नाही."

"अंधुक दिसतं?"

"अंधुक नाही काका. दिसतच नाही."

"आणि पांढरं?"

"ते चांगलं दिसतं. चष्मा लावून बारीक अक्षरसुद्धा वाचतात मावशी. मागच्या वेळी मी औषधाच्या बाटलीवरचं वाचायला दिलं होतं. वाचलं की नाही, मावशी?"

"वाचलं," लान-मोई म्हणाली. ती भिंतीकडे बघत होती.

"मधल्या ठिपक्यापासून कडेपर्यंत किती अंश?" वेंगने विचारलं.

"काय?"

"हे वर्तुळ. किती अंशांचं आहे?"

"तीस. का हो? काका, जरा बाजूला या, मागे लोक आहेत."

तो बाजूला झाला. खिशातून पेन काढून त्याने कागदाच्या मागे आकडेमोड केली. पांढऱ्या डागाची रुंदी दहा अंश. पडद्यापासून डोळा साठ सेंटिमीटरवर. म्हणजे त्या पडद्यावर एका वेळी तिला साधारण दहा सेंटिमीटर दिसत होतं, पाच बोटांएवढं. पडदा एक्केचाळीस सेंटिमीटर रुंद होता. वेंगने फुगवलेलं घड्याळ चौदा सेंटिमीटरचं होतं.

त्याने आकडेमोड दोनदा तपासली. मग खुर्चीच्या पायांचे चरे आठवले. लांब गेलं की तेवढ्याच पाच बोटांत जास्त मावतं.

बसमध्ये दोघं मागच्या बाकावर बसली. छीशान सुटून केळीचे मळे लागेपर्यंत वेंग कागदामागची आकडेमोड बघत होता.

"घड्याळ कसं दिसतं तुला?" शेवटी त्याने विचारलं.

"दिसतं."

"लान-मोई."

तिने पिशवी मांडीवर नीट ठेवली. "एका वेळी एक आकडा दिसतो. नऊ सापडला की चार शोधायचा, चार सापडला की पुढचा. तोवर कधी कधी मिनिट बदलतं." ती हसली. "मग पुन्हा पहिल्यापासून."

"आणि बटणं?"

"ती डाव्या कोपऱ्यात. लिहायचं मध्ये. मागे जायचं असलं की माऊसचा बाण घेऊन तिकडे जायचं. बाण हरवतो. तो सापडेस्तोवर ओळ डोक्यातून जाते."

"वर्षभर?"

"आधी एवढं नव्हतं."

"वर्षभर मी विचारतोय, दिसतं का, दिसतं का."

"दिसत होतंच की. तू काही खोटं विचारलं नाहीस, मीही खोटं सांगितलं नाही."

"तू सांगायला हवं होतंस."

पुढच्या बाकावरच्या बाईने मागे वळून बघितलं. लान-मोईला ते दिसलं नाही. तिने आवाज मात्र उतरवला.

"तीस वर्षं लोकांच्या शाळांतले पडदे नीट करत हिंडलास. रविवारीसुद्धा. माझ्यासाठी म्हणून पहिल्यांदा काही बनवत होतास. किती खुशीत असायचास. सकाळी शीळ घालत बसायचास त्या पट्टीपुढे. म्हटलं, बनवू दे."

घरी पोचल्यावर तिने भात लावला. वेंग पडद्यापुढे बसला आणि जेवणाच्या वेळेपर्यंत त्याने वर्षभराचं सगळं काम उलटं केलं. ती ताणणारी मोकळी जागा त्याने मधून काढली आणि तिचे दोन तुकडे करून दोन टोकांना लावले. बाहेरून रेटा आला तशी सगळी विजेटं मध्ये गोळा झाली. बटणं नखाएवढी केली, घड्याळ त्यांना चिकटून, त्याच्या शेजारी तिथी. पट्टी तळातून उचलून लिहायच्या वहीच्या बरोबर खाली आणली. वहीही लहान केली, अक्षरं वर्तमानपत्रातल्याएवढी. बाणाला मधल्या चौकोनाबाहेर जाताच येणार नाही अशी सोय केली. शेवटी त्याने पडद्यावर पंजा ठेवून बघितलं. सगळं पाच बोटांत मावत होतं. बाकीचा पडदा राखाडी होता.

एक अडचण होती. त्याच्याच नियमांप्रमाणे बटणं एवढी लहान होऊ शकत नव्हती. कमीत कमी रुंदीचा आकडा त्यानेच घालून ठेवला होता, म्हाताऱ्या माणसांना सोयीचं जावं म्हणून. तो आकडा त्याने खोडला.

"ये," त्याने हाक मारली.

लान-मोई हात पुसत आली, बसली. मान हलली नाही. डोळे जिथे होते तिथेच राहिले.

"अगंबाई," ती म्हणाली. "आज आठवा आहे."

तिने पट्टीवरची तिथी वाचली होती.

त्यानंतरचे तीन महिने घरात बोलणं कमी झालं. लान-मोई पहाटे उठून बसायची. आईचा आवाज, कळांचा खडखडाट, पाच सेकंद मागे, पुन्हा आवाज. वेंगने स्वयंपाक हाती घेतला. तांदळाच्या रुंद शेवया, रान-कमळाचे देठ लसणावर परतून, त्याला जमेल तेवढं. ती जेवताना मध्येच हसायची आणि एखादी ओळ सांगायची.

"ऐक हे. आई म्हणते, तंबाखू खुडून हात काळे झाले, धुऊन निघेनात. घरधन्या, तुझं तोंड एवढं गोरं कसं, तू कुठं सावलीत बसला होतास?"

"हे माझ्यावर आहे का?"

"तू तेव्हा प्राथमिक शाळेत होतास. पण बसेल तुला."

खुर्ची भिंतीकडे जायची थांबली. अठरावी टेप झाली, एकोणिसावी झाली. विसाव्या टेपेत आई मध्येच थांबून थियामला ओरडते, यंत्र बंद कर मेल्या, पाऊस आला, पानं भिजतील. लान-मोईने तेही लिहून ठेवलं.

चोविसावी टेप झाली त्या दिवशी थियाम आला. लान-मोईने छापलेले कागद त्याच्या हातात दिले. तो चष्मा लावून ओठ हलवत वाचत बसला. बऱ्याच वेळाने त्याने मान वर केली. आईचा आवाज त्याला गेल्या सहा वर्षांत ऐकू आला नव्हता.

"हे सगळं कधी झालं?"

"मार्चपासून!" वेंग त्याच्या कानाशी ओरडला. "सात टेपा!"

"तीन महिन्यांत सात?" थियामने बोटं मोजली. "आणि आधी वर्षात चार? जावईबापू, आधी वर्षभर काय माशा मारत होतात?"

वेंग उभा होता. त्याच्या हातात चहाची किटली होती. आता तो सांगणार होता. शब्द त्याने बसमध्येच जुळवून ठेवले होते.

"आधीच्या टेपा अवघड होत्या, दादा!" लान-मोई मोठ्याने म्हणाली. "आवाज खराब होता! ऐकूच येत नव्हतं!"

"हां," थियाम म्हणाला. "त्या वर्षी यंत्रात चिखल गेला होता खरा." तो पुन्हा वाचायला लागला.

वेंगने चहा ओतला. चौदा ते सतरा या टेपा त्यानेच उतरवल्या होत्या. सगळ्या एकतीस टेपांमध्ये त्यांचा आवाज सर्वांत स्वच्छ होता.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, पंचविसाव्या टेपेच्या तिसऱ्या गाण्यात, लान-मोई थांबली. वेंग कोबीच्या वाफ्यात होता. आईची ओळ आली, थांबली, पुन्हा आली, पुन्हा थांबली. अशी ती अकरा वेळा आली. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

त्याने बटणं आणखी लहान करून बघितली. चार बोटं, तीन बोटं. पार्श्वभूमी काळी, अक्षरं पांढरी. काळ्यावर पिवळी. दवाखान्यातून आलेल्या पुढच्या कागदावर पांढरा डाग शोधावा लागला. त्यानंतरच्या कागदावर शोधूनही सापडला नाही.

त्यांनी दुसरा उपायही करून पाहिला. ती बोलून सांगणार, वेंग लिहिणार. "डोंगराचा डों नाही, जुना डों, ज्यात डावीकडे लाकूड आहे तो," असं ती अक्षरातल्या खुणांवरून सांगायची. तो रांगेतून एक अक्षर निवडायचा. ते बरोबर आहे का ते बघायला तिच्याकडे डोळे नव्हते आणि त्याच्याकडे भाषा नव्हती. थियामला बोलावलं. लिहिलेलं त्याने वाचून पाहिलं आणि तो इतका हसला की त्याला खोकला आला.

"आई म्हणते सासूने सून निवडली," तो म्हणाला. "तू लिहिलंस सासूने मुळा उपटला."

लान-मोईही हसली. वेंगही. दोन आठवड्यांत सहा ओळी झाल्या, त्यांतल्या दोन बरोबर होत्या. मग एके दिवशी ती म्हणाली, "राहू दे. चोवीस म्हणजे काही कमी नाहीत." पंचविसाव्या टेपेची वही तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर, एका ओळीच्या चौथ्या अक्षरावर थांबली होती. वेंगने ती तशीच ठेवली.

आता दुपारी ती नुसती ऐकायची. सगळ्यांत मोठी कळ, तिच्या अंगठ्याखाली आपोआप येणारी, तेवढीच त्याने वाजवायला आणि थांबवायला लावून दिली होती. उरलेल्या टेपा तिने क्रमाने ऐकल्या. ऐकताना तिचे ओठ हलायचे. कधी हसायची. काय झालं म्हणून वेंग विचारायचा आणि ती सांगायला लागायची, मग मध्येच म्हणायची, "नाही, ते तुमच्या भाषेत येत नाही."

एकतिसावी टेप संपली तेव्हा ऊन खिडकीतून उतरून टेबलाखाली गेलं होतं. वेंग शेजारी बसून पोर्तुगालहून आलेल्या कुणाच्या तक्रारीला उत्तर लिहीत होता. त्याच संगणकावर, पडद्याच्या मधल्या पाच बोटांच्या चौकोनात. दुसरा संगणक त्यांच्याकडे नव्हता. बाण चौकोनाच्या कडेला आपटत होता.

"पट्टीवर आता काय काय आहे?" लान-मोईने विचारलं.

"वाजवायचं, थांबवायचं, मागे. घड्याळ. तिथी."

"अजून मध्येच?"

"मध्येच."

"मग तू काम कसं करतोस?"

"चालतं."

"चालत नाही. माऊस किती वेळा आपटतोस ते मला ऐकू येतं. शिव्या देतोस तेही. हाक्का भाषेतल्या." तिने हात पुढे केला. तो टेबलाच्या कडेला लागला आणि तिथेच थांबला. "घड्याळ कोपऱ्यात ने. तुझं होतं तिथे."

"असू दे ना."

"मला दिसत नाही तर मध्ये गर्दी कशाला? ने."

वेंगने दोन्ही टोकांचे मोकळ्या जागेचे तुकडे काढले आणि त्यांचं एक करून मध्ये ठेवलं. बटणं डावीकडे सरकत कोपऱ्यात गेली. घड्याळ आणि तिथी उजवीकडे गेली. पट्टी तळाला बसली. शाळाशाळांतून हजारो पडदे असायचे तसा तो पडदा झाला.

"झालं?"

"झालं."

"दिसतं नीट?"

वेंग पट्टीच्या मधल्या भागाकडे बघत होता. तिथे काही नव्हतं.

"दिसतं ना," तो म्हणाला. "चार वीस."